बेसिनचा रंग जाळीभोवतीच का सुटला?
दोष इपॉक्सी रंगाचा नाही. वेस्ट कपलिंग (बेसिनच्या तळाच्या भोकात बसवलेला जाळीचा जोड) न काढता रंगवलंत, म्हणून कडेने पाणी रंगाखाली शिरलं. कपलिंग उघडा, जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण खरवडा. त्याचा अंश जरी राहिला तरी रंग तिथून मागे सरतो आणि गोल भोकं पडतात. मग २२० नंबरच्या वॉटर पेपरने चकाकी पार मरेपर्यंत घासा. घासण्याऐवजी कुणी अ‍ॅसिड सुचवेल, पण संडास धुण्याच्या अ‍ॅसिडने चिनीमातीची झिलई खरबरीत होत नाही. ते हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिडचं काम, आणि ते घरात आणूच नका! धुऊन २४ तास वाळवा. हार्डनर (रंग कडक करणारा दुसरा घटक) डब्यावरच्या प्रमाणातच मिसळा, दोन पातळ हात द्या. कपलिंग किमान ३ दिवसांनी बसवा, नव्या वॉशरसकट. भर पावसाळ्यात मात्र हे काम काढू नका.