आधी कान तपासून घ्या

वर एका ताईंनी लिहिलंय की सासऱ्यांना हल्ली एकच गोष्ट तीन-तीनदा सांगावी लागते, चारचौघांत ते गप्प बसतात, म्हणून स्मृतिभ्रंशाची धास्ती वाटते. ती तपासणी कराच, पण आधी कान बघा.

वयोमानाप्रमाणे आधी जातात ते उंच पट्टीतले आवाज. 'आ', 'ओ' ऐकू येतात. स, श, फ, थ निसटतात. म्हणून म्हातारं माणूस म्हणतं, "ऐकू येतंय, पण कळत नाहीये." आणि घरचे म्हणतात, यांना हवं तेवढं बरोबर ऐकू येतं! टीव्ही, पंखा चालू असला की आणखीच पंचाईत. माझ्या आईने भिशीला जाणं सोडलं ते यामुळेच. सगळ्याजणी हसल्या की हीही हसायची, मग कुणीतरी विचारायचं, "काय गं, कळलं का?"

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचे कमी करता येण्याजोगे १४ धोके सांगितले, त्यात श्रवणदोष आहे. कानाचं मशीन लावलं की स्मृतिभ्रंश टळतोच, असं मात्र नाही. दुकानदार काहीही सांगोत.

मशीन बऱ्याच घरांत डबीतच पडून राहतं, एक कारण म्हणजे सुरुवातीला भांड्यांचा खणखणाट असह्य होतो. ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे, परत जाऊन आवाज जुळवून घ्यावा लागतो, तेही एकदा नव्हे. तोवर कानात ओरडू नका, त्याने शब्द फाटतात. समोर बसून, ओठ दिसतील असं, सावकाश बोला. आणि हो, मळ साठलाय का ते डॉक्टरांना आधी बघू द्या. कधीकधी तेवढ्यावरच भागतं.