मदत हवी आहे: कायद्यावरचे शोधनिबंध वाचायचे कसे?

नमस्कार मंडळी. खासगीपणाच्या हक्कावर प्रबंध लिहितेय आणि पार गोंधळलेय. गूगल स्कॉलर आणि एसएसआरएनवरून (शोधनिबंधांच्या प्रती ठेवणारं संकेतस्थळ) चाळीसेक पीडीएफ उतरवल्यात. एकेक साठ-सत्तर पानांची, त्यात निम्मं पान तळटीपांचं. इमानदारीत पहिल्या पानापासून वाचायला बसते, विसाव्या पानावर सुरुवातीचं काही आठवत नाही. हायलायटरने रंगवलेल्या ओळी कोऱ्या ओळींपेक्षा जास्त झाल्यात!

त्यात परवा फजिती झाली. वॉरन आणि ब्रँडाईस या दोन अमेरिकन वकिलांच्या १८९० सालच्या 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'मधल्या लेखाचा हवाला देऊन मी लिहिलं की अमेरिकेत हा हक्क तेव्हापासून मान्य आहे. मार्गदर्शक मॅडमनी खाली लाल पेनने एवढंच लिहिलं, "हे कुठल्या कोर्टाने म्हटलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर, निबंध वाचायला सुरुवात कुठून करायची? लेखकाचं मत कुठलं आणि कायदा कुठला, हे कसं ओळखायचं? आणि एसएसआरएनवरची प्रत संदर्भाला चालते का?

आडवापान: मॅडमचा प्रश्न कागदावर लिहून समोर चिकटव. त्या दोघांनी हा हक्क मान्य व्हावा असा युक्तिवाद केला होता, बस. १९०२ मध्ये एका मुलीचं चित्र तिला न विचारता पिठाच्या जाहिरातीवर छापलं म्हणून खटला झाला, 'रॉबर्सन'. न्यूयॉर्कच्या कोर्ट ऑफ अपील्सने, म्हणजे त्या राज्याच्या सर्वात वरच्या कोर्टाने, सांगितलं, असा हक्क आमच्या कायद्यात नाही. पुढच्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाला कायदा करावा लागला. जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०५ मध्ये 'पावेसिच' खटल्यात हक्क मान्य केला. म्हणजे तुझं वाक्य निदान बारा-पंधरा वर्षं चुकलं.

वाचताना गोषवारा, प्रस्तावना आणि मग थेट समारोप. तेवढ्यात लेखकाला काय पटवायचंय ते कळतं, नाही कळलं तर पीडीएफ बंद कर. मधली पानं लागतील तेवढीच. जिथे 'असायला हवं' दिसेल तिथे मत, जिथे 'आहे' दिसेल तिथे तळटीप बघ आणि मूळ निकाल उघड. तो निकाल अजून टिकून आहे का, तेही बघ. गर्भपाताचा हक्क मान्य करणाऱ्या १९७३ च्या 'रो' निकालाला चालू कायदा धरून लिहिलेले कितीतरी निबंध, तो उलटवणाऱ्या २०२२ च्या 'डॉब्ज' निकालानंतर इतिहास म्हणूनच वाचावे लागतात.

एसएसआरएनवर बरेचदा छापण्याआधीचा मसुदा असतो. छापील आवृत्ती निघाली असेल तर तिचाच संदर्भ दे, पानांचे आकडे बदलतात, कधी मांडणीही.

तळटीपवाला: तळटीपांना नावं ठेवू नका हो! मी तर आधी त्याच चाळतो. 'परंतु पाहा' म्हणून ज्याचं नाव येतं तो विरुद्ध बाजूचा माणूस, पुढचा निबंध त्याचा. गूगल स्कॉलरवर प्रत्येक लेखाखाली तो कुणी कुणी उद्धृत केलाय तेही दिसतं. जुन्या लेखावरून नव्यावर यायला तीच वाट.

धागाकर्ती: आत्ता 'रॉबर्सन' मूळातून वाचलं. गंमत म्हणजे कोर्टाने तो हार्वर्डचा लेख वाचला होता, त्याची तारीफही केली आणि तरी हक्क नाकारला, तोही चार विरुद्ध तीन मतांनी. आता त्या तिघांचं विरोधी मत वापरायचा मोह होतोय. 'विरोधी मत' असं स्पष्ट लिहून दिलं तर चालेल ना?