मीडिया कन्व्हर्टर: तांब्याच्या बाजूचा दिवा लागतो, फायबरचा लागत नाही

प्रश्न:
दोन इमारतींमध्ये साधारण ३०० मीटर अंतर आहे. तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरपुढे चालत नाही, म्हणून सिंगल मोड फायबरची (प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या धाग्याची) एकच तार ओढून घेतली आणि दोन्ही टोकांना गिगाबिट मीडिया कन्व्हर्टर (तांब्याच्या केबलमधले सिग्नल फायबरसाठी प्रकाशात आणि परत उलट बदलणारे डबे) बसवले. नेटवर्क स्विचकडचा, म्हणजे तांब्याच्या बाजूचा दिवा दोन्हीकडे हिरवा, पण फायबरचा दिवा काही लागेना. कालची अख्खी संध्याकाळ यात गेली. केबल पुन्हा ओढायची वेळ येऊ नये एवढीच इच्छा आहे.

उत्तर १:
केबलला हात लावू नका. आधी दोन्ही डब्यांखालची लेबलं वाचा. एकाच तारेवर येणं-जाणं दोन वेगळ्या तरंगलांबींवर होतं. एक डबा १३१० नॅनोमीटरवर पाठवतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा बरोबर उलटा हवा. दोन्ही सारखेच आले असतील तर दोघंही १३१० वर बोलतात आणि १५५० वर कान लावून बसतात. मीही यात दोन दिवस घालवलेत, म्हणून आधी हेच सांगतोय.

उत्तर २:
कनेक्टरचा रंगही बघा. हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं नसतं. ते एकमेकांत घालू नका. टोक कोरड्या क्लीनरने पुसा. आणि कृपा करून फायबरच्या तोंडात डोळा लावून बघू नका, तो प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो.

प्रश्नकर्ता:
दोन्ही लेबलांवर १३१०च! एक बदलून आणला, जोडताक्षणी दिवा लागला. मनापासून आभार.