सल्ला हवा आहे: लोकवर्गणीतून सुरू झालेला दंडारीचा माहितीपट अडकलाय, गावाला काय सांगू?

धानाची_बांधी

नमस्कार मंडळी. ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावातून लिहिते आहे. आमच्याच भागातल्या एका तरुणाने दंडारीवर, म्हणजे आमच्या झाडीपट्टीतल्या (पूर्व विदर्भातल्या) नाचगाण्याच्या लोकनाट्यावर, माहितीपट करायचा पुढाकार घेतला. अर्धे पैसे एका वेबसाइटवरून आले, बहुतेक शहरातल्या लोकांकडून. उरलेले आजूबाजूच्या गावांतून मी आणि बचत गटातल्या बायांनी जमवले. कुणी शंभर दिले, कुणी दोनशे, कुणी पाचशे. "धानाचे चुकारे आले की देतो" म्हणणाऱ्यांनी विकलेल्या धानाचे ते पैसे आल्यावर घरी आणून दिले.

कबूल केलेलं असं: दीड तासाचा चित्रपट, दंडारीच्या गाण्यांचं पुस्तक, वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाचं नाव शेवटी पडद्यावर, म्हाताऱ्या कलाकारांना मानधन, आणि पहिला खेळ आमच्या गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत.

शूटिंग जवळपास पूर्ण झालं. त्यानंतर "दिवाळीला दाखवतो" झालं, मग "होळीच्या आधी", मग पावसाळा लागला. आता तो मुंबईत नोकरीला आहे, फोन क्वचित उचलतो. वेबसाइटवर कित्येक महिन्यांत एक ओळ नाही. मानधन निम्म्याच कलाकारांना मिळालं. ज्यांचं चित्रण झालं त्यातले दोघे आता हयात नाहीत. त्यातल्या एकांची सून परवा म्हणाली, "मामाजीचा व्हिडिओ तरी द्या ना ताई." पैशाचा तिने विषयही काढला नाही.

तो फसवणारा मुलगा आहे असं मला वाटत नाही. पण लोकांनी माझ्याकडे पाहून पैसे दिलेत. आधी पैसे मागू की काम पूर्ण करून घेऊ? मंडई तोंडावर आली आहे, गावाला काय सांगू?

आवाजवाला_नागपूर

ताई, दोन्हीच्या आधी हार्ड डिस्क. आज, उद्या, जमेल तितक्या लवकर. पैसे पुन्हा उभे करता येतात, एडिटिंग दुसरा कुणीही करेल. पण जे दोन कलाकार गेले त्यांचं गाणं या जगात फक्त त्या डिस्कवर आहे. बहुधा एकाच, आणि तीही भाड्याच्या खोलीत कपाटात पडलेली. मी ध्वनिमुद्रणाचं काम करतो. वापरात नसलेली डिस्क वर्षा-दोन वर्षांनी लावली आणि सुरूच झाली नाही, असं होताना पाहिलं आहे.

त्याला नेमकं काय मागायचं ते लिहून देतो, म्हणजे "पाठवतो" म्हणून अर्धवट माल यायला नको. कॅमेऱ्याच्या कार्डांवरून उतरवलेल्या मूळ फाइली. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला असणारच, त्या फाइली वेगळ्या. हे विसरू नका, कारण कॅमेऱ्याच्या माइकवर ढोलकी आणि टाळ एकमेकांत मिसळतात आणि गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत. एडिटिंगची प्रोजेक्ट फाइल, जितकं झालं असेल तितकी. आणि कोणत्या दिवशी कोणत्या गावात कुणाचं चित्रण केलं त्याची वही किंवा यादी. यादी नसली तर दहा वर्षांनी ते चेहरे कुणाला ओळखू येणार नाहीत.

जागेची काळजी करू नका. साधारण 4के चित्रण 100 मेगाबिटने केलं तर तासाला 45 जीबी लागतात. चाळीस तासांचा माल असला तरी दोन टीबीच्या डिस्कमध्ये बसतो. प्रती मात्र तीन करा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या गावी. सगळ्या एकाच घरात ठेवल्या आणि वीज पडली किंवा छत गळलं, की तिन्ही जातात.

आणि बोलताना पैशाचा विषय काढू नका. पैशाचं नाव निघालं की माणूस फोन बंद करतो. "तुझ्याकडचं काम वाचवायचं आहे, आम्ही येऊन कॉपी करून घेतो" एवढंच म्हणा.

वैनगंगेकाठचा

ताई, मी पन्नाशीतला कास्तकार. आमच्या गावातई असंच एका नाटकासाठी जमवलं होतं, खेळ झालाच नाही. मले पैसे गेल्याचं दुःख नव्हतं. दोनशे रुपये कुठं जात नाहीत बावा? पण कोणी येऊन सांगतलंच नाही. आमी आपले वाट पाहून रायलो. पुढच्या साली वर्गणीची वही आली तं कोणीच हात घातला नाही खिशात.

म्हणून सांगतो, मंडईच्या आदल्या दिवशी नोका सांगू, आताच सांगा. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर दहा माणसं बसवा, बाया बसवा, आणि काय झालं, काय नाही झालं, पैसे कुठं गेले, सरळ वाचून दाखवा. लोक समजून घेतात. धान कीडीनं गेलं तं कोणी कास्तकाराले शिव्या देत नाही. पण तुमी नवीन तारीख दिली आणि तीही टळली तं मग कठीण आहे.

गोंदियाकडचा

मी वरच्या दोघांशी पूर्ण सहमत नाही. "काम वाचवा, लोक समजून घेतात" हे ऐकायला चांगलं आहे, पण अशाने कलाकार लोकांना कायमची सूट मिळते. वर्गणी घेतली, कबूल केलं, दिलं नाही. परतफेड आधी. ज्याने पैसे घेतले तो आता पगार घेतो आहे, तर हप्त्याने द्यावेत. नाहीतर झाडीपट्टीत यापुढे कुणीही कलेसाठी दहा रुपये देणार नाही, आणि खरोखर काम करणाऱ्या पोरांचं त्यात नुकसान आहे.

धानाची_बांधी

दादा, तुमचा राग पटतो. पण कॅमेऱ्याचं भाडं, ध्वनिमुद्रकाची मजुरी, डिझेल, मंडळींचं जेवण, यातच बराच पैसा गेला. ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. वेबसाइटचं कमिशन कापून आलं ते वेगळं. आज सगळ्यांचे पैसे परत मागितले तर ते नाहीतच. आणि एक अडचण: कलाकारांची लेखी संमती कुणाचीच घेतलेली नाही, आमचाही त्याच्याशी कागद नाही. मग डिस्कवर हक्क कुणाचा?

तालुका_कोर्ट

ताई, याचं उत्तर लोकांना आवडत नाही, तरी नीट समजून घ्या. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा निर्माता म्हणजे तो करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. वर्गणी दिल्याने गाव मालक होत नाही. त्यामुळे "डिस्क आमची आहे" असा पवित्रा घेतलात तर तुमची बाजू कमकुवत. त्याऐवजी एका पानाचा करारनामा करा: मूळ फाइलींची एक प्रत गावाकडे जतनासाठी राहील, तिकीट न लावता गावात दाखवता येईल, आणि अमुक तारखेपर्यंत त्याने काम केलं नाही तर दुसऱ्याकडून एडिटिंग करून घ्यायला त्याची हरकत नाही. हे तिसरं कलम सर्वांत मोलाचं, कारण बहुतेक काम इथेच कायमचं अडकतं. सादर करणाऱ्या कलाकारांचेही स्वतंत्र हक्क आहेत, सादरीकरणानंतर 50 वर्षं टिकणारे. म्हणून हयात कलाकारांची संमती आता घ्या आणि जे गेले त्यांच्या वारसांची सही घ्या.

पैशाबद्दल: कबूल केलेलं न दिल्याने होणाऱ्या दाव्याची मुदत 1963 च्या कायद्यानुसार साधारण तीन वर्षं. ती संपण्याआधी त्याने "इतकी रक्कम देणं आहे" असं सही करून लिहून दिलं तर त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते. त्यामुळे नरमाईने वागायचं ठरवलं तरी हे पत्र घ्या.

पोलिसांत जायचा विचार कुणी सुचवेल. फसवणुकीच्या गुन्ह्यात सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू होता हे दाखवावं लागतं. शूटिंग पूर्ण केलेल्या माणसाविरुद्ध ते टिकणं कठीण, आणि तक्रारीच्या भीतीने त्याने डिस्कच गायब केली तर हाती काही उरणार नाही. तालुका विधी सेवा समितीकडे जा. 1987 च्या कायद्याने महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. दावा दाखल करण्याआधीच दोघांना बसवून तडजोड करता येते.

छपाईघर_अमरावती

मी पुस्तकं छापतो, प्रकाशनपूर्व नोंदणीवर काही केली आहेत. अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या प्राध्यापकाने किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या वेबसाइटवरच्या प्रकल्पांचा अभ्यास केला, तेव्हा कबूल केलेलं अजिबात न मिळालेले प्रकल्प 9 टक्क्यांच्या आसपास निघाले. पण वेळेवर पोचलेले फारच थोडे: पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त उशिरा. उशीर हाच नियम आहे. तुमच्याकडे बिघडलं ते उशिरापेक्षा गप्प बसण्यामुळे, वैनगंगेच्या दादांनी सांगितलं तसं.

"मंथन" हा 1976 चा चित्रपट गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये देऊन उभा केला, हे आपल्याकडे सगळे अभिमानाने सांगतात. त्यामागे सहकारी दूध संघ होता, हे सांगायचं राहून जातं. हिशेब ठेवणारी आणि गावोगाव उत्तर देणारी संस्था आधीपासून उभी होती, तिचा भार दिग्दर्शकाच्या डोक्यावर नव्हता. तुमच्या प्रकल्पात एकच मुलगा कॅमेरा, हिशेब, परवानग्या आणि शंभर लोकांचे फोन सांभाळत होता. पुढे काहीही करा, वही बचत गटाकडे असू द्या. तुमच्या गटाला हिशेब नवीन नाही.

आता वचनं कमी करा. दीड तासाचा चित्रपट विसरा. पंचवीस-तीस मिनिटांचा करा, ज्यात दंडार पूर्ण दिसेल. पुस्तकाचंही तसंच: एक फर्मा सोळा पानांचा, तुम्ही तीन फर्म्यांची, 48 पानांची पिनची पुस्तिका करा. गाणी, कलाकारांची नावं, गावं, बस. कागद आणि छपाई दोन्ही आवाक्यात राहतात. शहरातल्या लोकांना पाठवायला 1 मे 2025 पासून टपाल खात्याची ज्ञान पोस्ट आहे, पुस्तकांसाठी स्वस्त पडते. त्या मुलाने टपालखर्च आधी धरला नसणार, बहुतेक कुणीच धरत नाही.

गोंदियाकडचा

ठीक आहे, पैसेच शिल्लक नसतील तर सगळ्यांना परत द्या म्हणण्यात अर्थ नाही. पण एक अट सोडू नका. कलाकारांचं राहिलेलं मानधन पहिलं, आणि ते त्याच्या पगारातून. वर्गणीदाराने हौसेने दिलं, कलाकाराने मात्र रात्रभर उभं राहून काम केलं. या दोन देण्यांचा क्रम सारखा असू शकत नाही. आणि सभेत "ज्यांना पैसे परत हवेत त्यांनी नाव लिहा" असं जाहीर विचारा. थोडेच लिहितील, पण विचारलं गेलं पाहिजे.

धानाची_बांधी

हे मनापासून पटलं, मानधन वरच ठेवते. आज त्याच्याशी बोलणं झालं. आवाजवाल्या दादांनी सांगितलं तसं फक्त कामाबद्दल बोलले. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला डिस्क त्याच्या मावशीकडे नागपुरात आहे, येऊन घ्या. आवाजाच्या फाइली मात्र ध्वनिमुद्रकाकडेच आहेत, आणि त्याची मजुरी थकली आहे.

मंडईत पूर्ण काही दाखवता येणार नाही हे आता स्पष्ट आहे. जे दोघे गेले त्यांची गाणी तेवढी जशीच्या तशी, न कापता, नाटक सुरू होण्याआधी संध्याकाळी पडद्यावर दाखवावीत असं मनात आहे. घरच्यांची परवानगी घेऊन. हे योग्य होईल ना? की अर्धवट दाखवल्याने लोकांना वाटेल एवढ्यावरच भागवलं?

वैनगंगेकाठचा

दाखवा ताई. पण आधी सभा, मग पडदा. पडदा आधी लावला तं लोक म्हणतील गोड बोलून गप्प बसवलं.

तालुका_कोर्ट

आणि ध्वनिमुद्रकाकडून फाइली घेताना थकलेली मजुरी कुणी द्यायची हे त्या करारनाम्यात लिहा, नाहीतर ते ओझं बचत गटावर येईल. मसुदा इथे नाव-गाव काढून टाका, मी वाचून दुरुस्त्या सांगतो.

आवाजवाला_नागपूर

मावशींकडून डिस्क घेतली की ती तिथेच कुठल्या लॅपटॉपला लावून बघू नका, तशीच माझ्याकडे आणा. आधी फक्त वाचण्यापुरती उघडून पूर्ण प्रत काढू, मग बघू. एसटीने येत असाल तर टपावर किंवा डिक्कीत नको, टॉवेलात गुंडाळून मांडीवर. ध्वनिमुद्रक नागपूरचा असेल तर बहुधा माझ्या ओळखीत निघेल. नाव मला वेगळं कळवा, त्याच्या मजुरीचं मी बोलून पाहतो. प्रतींसाठी दोन रिकाम्या डिस्क लागतील, त्यातली एक माझ्याकडून.