परराज्यातली जुनी गाडी थेट मालकाकडून घेताना काय बघावं?

मंडळी, दुसऱ्या राज्यातली एक वापरलेली गाडी थेट मालकाकडून घ्यायचा विचार आहे. माणूस फोनवर सरळ वाटला, पण गाडी अजून फोटोतच पाहिलीये. कागदावरचा 17 अक्षरी चासी नंबर (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला ओळख क्रमांक) फोटोत दिसणाऱ्या गाडीवरच्या नंबराशी जुळतो, ते बरं झालं. पण ब्रेक पेडलचं रबर पार गुळगुळीत झालंय आणि मीटर सांगतोय की गाडी फारशी पळालेलीच नाही. मीटर मागे फिरवलाय की काय, तिथंच मन अडलंय.

शिवाय गाडीवर कर्ज बाकी आहे. ते आधी त्यांनी फेडावं, की मी थेट बँकेत पैसे भरून बोजा उतरवून घ्यावा? तिकडे तपासणीसाठी भरवशाचा मेकॅनिक कसा गाठायचा? आणि गाडी चालवत आणताना अपघात झाला, तर जुन्या मालकाचा विमा चालतो का? पैसे कष्टाचे आहेत. असा व्यवहार केलेल्यांनी कृपया अनुभव सांगा.