गल्लीच्या तोंडाशी उभी राहणारी पांढरी गाडी

बोगनवेल:

नमस्कार मंडळी. विषय नेहमीचाच आहे, पण जरा तपशिलात लिहिते, म्हणजे "नगरसेवकाला भेटा" एवढ्यावर कुणी भागवणार नाही.

आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो, कर्वे रस्त्यापासून बरंच आत. गल्ली सरळसोट, १८० मीटरच्या आसपास. रुंदी मी स्वतः टेपने मोजली. या गटाराच्या झाकणापासून त्या गटाराच्या झाकणापर्यंत साडेसात मीटर. पूर्वी दोन्हीकडे बंगले होते, दर बंगल्याला एक स्कूटर आणि एक कुत्रा. आता बारापैकी सात बंगल्यांच्या इमारती झाल्यात आणि संध्याकाळी दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागते. मोठा रस्ता तुंबला की मोबाईलमधला नकाशा लोकांना आमच्या गल्लीत वळवतो, आणि तुंबलेल्या रस्त्यावर वाया गेलेली पाच मिनिटं त्यांना आमच्याकडे वसूल करायची असतात.

आमचा बंगला गल्लीच्या तोंडाशी, कोपऱ्यावर. (फोटोत दिसतेय ती बोगनवेल आईने लावलेली, आता तीस वर्षांची आहे. तिच्याच नावाने इथे लिहिते.) कोपऱ्यावर, अगदी वळणाला खेटून, एक मोठी पांढरी गाडी उभी असते. सकाळी दहानंतर तिथे सावली असते म्हणून.

मागच्या मंगळवारी संध्याकाळी शेजारचा आठ वर्षांचा मुलगा सायकलवर त्या गाडीच्या आडून बाहेर आला आणि समोरून डिलिव्हरीवाला. त्याने गाडी अक्षरशः आडवी पाडली. मुलाला काही नाही, नुसता गुडघा सोलवटला. रस्त्यावर पनीरची ग्रेव्ही. तो डिलिव्हरीवाला पोरगा आमच्या पायरीवर बसून पाणी पीत होता आणि त्याचा हात इतका थरथरत होता की पेल्याचा काठ दातांवर वाजत होता. एवढं होऊनही पहिला फोन त्याने गिऱ्हाईकाला लावला, "सॉरी सर, ऑर्डर सांडली."

गल्लीत आता दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो स्पीडब्रेकर टाका. तो प्रयोग आमचा करून झालाय. गेल्या वर्षी एका बांधकामावरचं उरलेलं काँक्रीट मागून आणलं आणि रात्रीत उंचवटा घातला. वीतभर उंच, वर रंग नाही की पट्टा नाही. दुसऱ्याच दिवशी मागे बसलेल्या एका आजींची कंबर धरली, आणि पहिल्या पावसात सगळं पाणी आमच्या फाटकात. चौथ्या दिवशी पालिकेच्या माणसांनी येऊन उखडला. बरोबरच केलं त्यांनी. दुसरा पक्ष म्हणतो पी-वन पी-टू करून घ्या, म्हणजे सम तारखेला एका बाजूला पार्किंग आणि विषम तारखेला दुसऱ्या; एका वेळी एकच बाजू भरेल, रस्ता मोकळा होईल.

आणि पांढरी गाडी ज्यांची आहे ते मागच्या इमारतीतले काका. आईला रात्री दोन वाजता दवाखान्यात नेलं ते ह्याच गाडीतून. त्यांच्याशी भांडायचं नाहीये. काय करावं?

चौकातला शहाणा:

सोप्पंय. वाहतूक शाखेला फोटो पाठवा. टोइंगवाले येतील, दोनदा दंड बसला की गाडी आपोआप हलेल. पुण्यात गोड बोलून कुणाची गाडी हलल्याचं ऐकिवात नाही.

लाल डबा:

ताई, मी एसटीत ३१ वर्षं गाडी चालवली, आता घरी असतो. तुमचं लिखाण दोनदा वाचलं. तुम्ही विचारताय वेगाबद्दल आणि पार्किंगबद्दल. माझ्या मते तुमच्याकडचं दुखणं तिसरंच आहे. दिसत नाही, हे.

हिशोब सांगतो. ताशी ३० ने गाडी असेल तर सेकंदाला सव्वाआठ मीटर जाते. दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद धरा. पुढे कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर थांबायला आणखी पाचेक मीटर. म्हणजे १३ मीटर झाले. तीच गाडी ५० ने असेल तर २८ मीटर लागतात. आता तुमच्या कोपऱ्यावर पोरगं त्या गाडीच्या आडून निघतं तेव्हा समोरच्याला ते किती अंतरावर दिसतं? चार मीटर? पाच? मग तो ३० ने आला काय आणि २५ ने आला काय, ब्रेक लागेपर्यंत पोरगं चाकासमोर.

पी-वन पी-टू बद्दल जपून. गल्ली दोन्हीकडून भरलेली असते तेव्हा मधे साडेतीन मीटर उरतात आणि डायव्हर आपोआप दबकत जातो, आरसा लागेल म्हणून. एक बाजू रिकामी केलीत की साडेपाच मीटरचा सरळ पट्टा मिळाला. १८० मीटर! तिथे तुमची पोरंच गाडी दामटतील. आमच्या पुतण्याच्या गल्लीत हेच झालं.

गाड्या एकाच बाजूला लावायच्या असतील तर अर्धी गल्ली डावीकडे आणि पुढची अर्धी उजवीकडे लावा, कायमची. मधे गाडीला नागमोडी वळावं लागतं. घाटात आम्ही सरळीवर नाही, वळणावर सांभाळून चालवायचो.

आणि वेग "खूप" आहे असं अर्जात लिहू नका, मोजा. रस्त्यावर खडूने ५० मीटरवर दोन रेघा मारा आणि गच्चीवर बसा. सहा सेकंद लागले तर ३०, चार लागले तर ४५, तीन लागले तर ६०. मोबाईलमधलं घड्याळ चालतं.

खडीकरण:

मी रस्त्याच्या कामांवर सुपरवायझर होतो, दुसऱ्या शहरात. लाल डबा काकांशी सहमत. थोडी भर घालतो.

स्पीडब्रेकरचं माप ठरलेलं असतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनात गोलाकार उंचवटा दिलाय, गाडी जाते त्या दिशेने ३.७ मीटर लांब आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच. ताशी २५ ने गेलात तर धक्का बसत नाही, त्याहून जोरात गेलात तर बसतो. लोक घरी करतात तो फूटभर रुंद आणि वीतभर उंच, म्हणजे उंबरठा. उंबरठ्यावर हळू जाणाऱ्यालाही धक्का बसतो, आणि जोरात जाणारी बुलेट उडून जाते. शिवाय काळे-पांढरे पट्टे, ४० मीटर अलीकडे पाटी, कडेला पाणी जायला वाट. हे सगळं पालिकेच्या पथ विभागाचं काम, तुमचं नाही.

कोपऱ्यासाठी नो-पार्किंग मागा. त्याचा आदेश वाहतूक पोलीस काढतात, आधी हरकती-सूचना मागवतात, मग कायम करतात. अर्जात "गल्लीत पार्किंगचा त्रास" असं मोघम लिहिलंत तर फाईल फिरत राहते. "अमुक कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर", सोबत हाताने काढलेला नकाशा आणि दोन्ही बाजूंच्या लोकांच्या सह्या, असं द्या. खरं तर चौकापाशी, वळणावर, फुटपाथवर, दुसऱ्याच्या फाटकासमोर गाडी लावायची नाही हे पाटी नसली तरी नियमातच आहे, पण पाटीशिवाय आपल्याकडे नियम दिसत नाही.

स्वतः पिवळा रंग फासू नका. कुंड्या ठेवू नका. रात्री त्या कुंडीवर कुणी आदळला तर ती कुणाची हे आधी शोधतील.

आता एक विचारू का? फोटोत तुमची बोगनवेल दिसतेय. सुंदर आहे. पण ती भिंतीबाहेर किती आलीये?

चौकातला शहाणा:

😂😂 आयडीच आरोपी निघाला.

दुसरा मजला:

मला एक वेगळंच विचारायचंय. सात इमारती नवीन आहेत म्हणता, मग गाड्या रस्त्यावर का? खाली स्टिल्ट, म्हणजे खांबांमधली पार्किंगची जागा, असेलच ना? आमच्या इमारतीत स्टिल्टमध्ये एकाचं जुनं कपाट, एकाच्या टाईल्सच्या पेट्या आणि सेक्रेटरींची कधीच न चालणारी फियाट आहे. तीन गाड्यांची जागा. ओरडून ओरडून थकलो, शेवटी सभेत २०१० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचून दाखवला की स्टिल्ट पार्किंग सामाईक असतं, बिल्डरला ते विकताच येत नाही. मग कपाट गेलं. फियाट आहे अजून.

रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीसमोर आधी विचारा, हिला आत जागा आहे का.

गोल आरसा:

कोपऱ्यावर बहिर्गोल आरसा लावा की. आम्ही फाटकाला लावलाय, गाडी बाहेर काढताना झकास उपयोग होतो.

लाल डबा:

फाटकासाठी ठीक. कोपऱ्यावर त्याच्यावर विसंबू नका. त्यात गाडी लहान दिसते म्हणून लांब वाटते, प्रत्यक्षात पोचलेली असते. पावसाळ्यात धुरकटतो, आणि रात्री समोरचा दिवा थेट डोळ्यात. आणि आठ वर्षांचं पोर आरशात बघून सायकल काढत नाही.

बोगनवेल:

सगळ्यांचे आभार. चौकातल्या शहाण्यांचेसुद्धा. बारा दिवसांनी लिहितेय, कारण तेवढ्यात बरंच करून पाहिलं.

आधी आरोपीचं. सकाळी मुलाचं बसायचं छोटं स्टूल घेऊन कोपऱ्यावर गेले आणि त्यावर बसले, म्हणजे डोळे साधारण त्या मुलाच्या उंचीला आले. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत. उजवीकडे पांढऱ्या गाडीचं मागचं चाक आणि चिखलाचा पडदा, बस्स. आणि डावीकडे? आमची बोगनवेल. भिंतीबाहेर सव्वा मीटर, जमिनीपासून पोटरीच्या उंचीपर्यंत लोंबलेली. इतकी वर्षं त्या कोपऱ्यावरून मी उभ्याने बघत आलेय, त्यामुळे मला वेलीच्या वरून सगळं दिसायचं. त्याच दिवशी माळीबुवांना बोलावलं. दोन पोती निघाली. आई खिडकीतून बघत होती, काही बोलली नाही, संध्याकाळी फक्त म्हणाली, "मार्चमध्ये छाटायची असते." वर पथदिव्यासमोर शिरीषाची फांदी आलीय, तिला हात लावलेला नाही. झाडाला १९७५ चा कायदा आहे, पालिकेच्या परवानगीचा अर्ज दिलाय.

मग वेग. खडूच्या रेघा मारल्या आणि गच्चीवर बसले, सहा ते सात. ४२ गाड्या गेल्या. आमच्या सगळ्यांच्या मते "सत्तर-ऐंशीने" जातात त्या. ६० च्या वर एकही नाही. चार सेकंदांच्या आत नऊ जण गेले, आणि त्या नऊतले चार आमच्याच गल्लीतले. त्यातला एक माझा भाचा. बाहेरचे लोक बिचारे नकाशा बघत हळूच चाललेले असतात.

आता काका. टोइंग बोलावलं नाही. रविवारी सकाळी चहाला बोलावलं आणि म्हटलं, जरा दोन मिनिटं चला. त्यांना त्याच स्टुलावर बसवलं. मोठे गृहस्थ, गुडघे छातीशी आले. आधी हसले, मग गप्प बसून राहिले. तेवढ्यात त्यांच्या गाडीच्या पलीकडून एक रिक्षा आली. ती रिक्षा त्यांना तिचं पुढचं चाक समोर आल्यावरच दिसली. उठले आणि म्हणाले, "किल्ली आणतो."

गाडी आता त्यांच्या इमारतीत आत लागते. दुसरा मजला यांचं म्हणणं अगदी खरं, तिथे जागा होती, फक्त त्यांच्याच सुनेचं व्यायामाचं मशीन तिथे होतं.

पण गंमत पुढे आहे. सोमवारी सकाळी उठून बघते तर रिकाम्या कोपऱ्यावर इस्त्रीवाल्यांची टपरीगाडी. त्यांनाही सावली हवीच. त्यांच्याशी बोलले, ते चार घरं पुढे आंब्याखाली सरकले. बुधवारी फर्निचरचा टेम्पो. टेम्पोवाल्याला स्टुलावर कसं बसवू? रोज नवा माणूस असतो.

म्हणून अर्ज करतेय, खडीकरण यांनी सांगितलं तसा. दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर, नकाशा मी काढलाय, भाच्याने रेघा सरळ करून दिल्या (शिक्षा म्हणून). स्पीडब्रेकर मागत नाही आहोत. पी-वन पी-टूवाल्यांना लाल डबा काकांचा साडेपाच मीटरचा हिशोब वाचून दाखवला, तेव्हा अर्धे गप्प झाले. उरलेले म्हणतात की रोज तारीख बघून गाडी हलवायला त्यांना आवडतं, ३१ आणि १ दोन्ही विषम म्हणून त्या दिवशी सुट्टी मिळते. अर्धी डावी अर्धी उजवी हे पुढच्या बैठकीत मांडणार आहे.

आतापर्यंत २३ सह्या झाल्या. अकरा नंबरवाले म्हणतात, "आमच्या घरासमोरचे दहा मीटर का?" खडीकरण, त्यांच्या फाटकाची बाजू सात मीटरवर आणली तर चालेल का, की मी स्टूल घेऊन त्यांच्याकडे जाऊ?

खडीकरण:

स्टूल घेऊन जा.