सायकलफेरीला पोलिसांची परवानगी कशाला?

चक्रधर: महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी शेकडो सायकलस्वार जमतात आणि वाहत्या रस्त्यावरून एकत्र फिरतात. नेता नाही, मार्गही बहुतेक वेळा आधी ठरलेला नाही. १९९२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेली ही 'क्रिटिकल मास' फेरी जगभर पोचली, आणि पोलिसांच्या डोळ्यांत खुपत राहिली. ऑगस्ट २००४ मध्ये न्यूयॉर्कला, रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनाच्या तोंडावर, अडीचशेहून जास्त सायकलस्वारांना अटक झाली. लंडनला २७ जुलै २०१२ रोजी, ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या रात्री, १८२ जणांची धरपकड झाली. टेम्स नदीच्या उत्तरेला जायचं नाही, ही पोलिसांची अट मोडली म्हणून. त्यातले दोषी ठरले बोटांवर मोजण्याइतके. शांतपणे सायकल चालवणाऱ्यांवर एवढा बंदोबस्त मला दडपशाहीच वाटते.

आडवाट: 'शांतपणे' हे अर्धसत्य आहे. या फेरीत 'कॉर्किंग' करतात. दोघं-तिघं चौकात पुढे जाऊन आडव्या रस्त्याच्या तोंडाशी सायकली लावून उभे राहतात आणि सिग्नल लाल झाला तरी मागची रांग जाऊ देतात. पलीकडे खोळंबलेल्यांत कामावरून दमून घरी निघालेली माणसं असतात, कधी रुग्णवाहिकाही असेल. त्यांना कोणी विचारलं? न्यूयॉर्कने २००७ मध्ये ५० किंवा जास्त जणांच्या गटाला परवाना सक्तीचा केला, तो नियम कोर्टातही टिकला.

चक्रधर: रुग्णवाहिकेला वाट द्यायलाच हवी, त्यात वाद नाही. पण रांग मध्येच तुटली तर मोटारी आत घुसतात आणि मग खरा धोका. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रीत फेब्रुवारी २०११ मध्ये एकाने मागून थेट गर्दीत गाडी घातली. सायकली आणि माणसं हवेत उडाली.

दुचाकी: जर्मनीत यावर साधी तोड आहे. पंधराहून जास्त सायकलस्वार एकत्र असतील तर तो गट कायद्याने एका वाहनासारखा धरतात. पहिला हिरव्या सिग्नलवर निघाला की शेवटच्यापर्यंत सगळे पार.

आडवाट: नियम असेल तर मीही मान्य करेन. बुडापेस्टकडे बघा. तिथे मार्ग आधी जाहीर व्हायचा, पोलीस रस्ते मोकळे करून द्यायचे आणि हजारोंनी लोक यायचे. पोलिसांशी बोलून फेरी कुठे लहान झाली?

चक्रधर: बुडापेस्टचे पोलीस सोबत करायचे म्हणून ते जमलं. जुलै २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये याच फेरीत एका पोलिसाने चालत्या सायकलवरच्या माणसाला धक्का मारून फुटपाथवर पाडलं आणि उलट त्याच्यावरच आरोप लिहिले. कोणीतरी केलेल्या चित्रीकरणामुळे खोटं उघडं पडलं आणि पुढे तो पोलीस दोषी ठरला. असा अनुभव आलेल्यांनी त्याच खात्याकडे परवानगीचा अर्ज करायचा? ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) २००८ मध्ये निकाल दिला की नेहमीच्या प्रथेने निघणाऱ्या या फेरीला आगाऊ सूचनाही द्यावी लागत नाही.

आडवाट: त्या निकालाने अटी घालायचा अधिकार काढून घेतला नव्हता. २०१२ मध्ये पोलिसांनी तोच वापरला. खोटा गुन्हा लिहिणाऱ्या पोलिसाला शिक्षा व्हायलाच हवी, पण त्यामुळे चौक अडवायचा हक्क मिळत नाही.

दुचाकी: सूचना आणि परवानगी वेगळ्या ठेवा. 'अमुक वाजता इथून निघतोय' एवढं कळवलं तर रुग्णवाहिकेचा मार्ग आधी ठरवता येईल. 'नाही' म्हणायचा अधिकार मात्र मी पोलिसांना देणार नाही.